संगणक-सुरक्षेसाठी कोणती भाषा शिकावी?

संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रात जाऊ पाहणारे विद्यार्थी शिक्षकांना हमखास विचारतात : सी शिकू, पायथन शिकू की आणखी काही? उत्तर देण्याआधी आपण एक घटना तपासून पाहू.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक ‘वर्म’ पसरला. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेली ही आज्ञावली एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत असे. तिची एक वाट ‘फिंगर’ या सेवेतून जात होती. ही सेवा सी भाषेत लिहिलेली होती. आलेला मजकूर ठेवण्यासाठी तिने ५१२ बाइट जागा राखली होती. पण मजकूर वाचणारे ‘गेट्स’ हे फंक्शन लांबी तपासतच नव्हते. वर्मने ५३६ बाइट पाठवले. भरलेल्या मापात आणखी धान्य ओतले तर ते बाहेर सांडते. इथे जास्तीचे बाइट शेजारच्या स्मृतीत सांडले. काम संपल्यावर संगणकाने कुठे परतायचे, तो पत्ता तिथेच होता. तो बदलला आणि संगणक वर्मच्या आज्ञा पाळू लागला. पुढे २०११च्या सी प्रमाणकातून ‘गेट्स’ वगळण्यात आले.

म्हणजे नेमके काय झाले? जी केवळ माहिती होती, तिला संगणकाने आज्ञा मानले. संकेतस्थळांवरही असेच घडते. नावाच्या रकान्यात कोणी एसक्यूएल भाषेतील आज्ञा लिहिली आणि संकेतस्थळाने ती न तपासता पुढे पाठवली, तर माहितीचा साठा परक्याच्या हाती जाऊ शकतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पायथनमध्ये पाच संख्यांची यादी करून दहावी संख्या मागा. पायथन चूक दाखवून थांबते. सीमध्ये हेच करा. भाषा अडवेलच असे नाही. कधी भलतीच संख्या मिळेल, कधी आज्ञावली कोसळेल.

यावरून आम्हाला पुढील क्रम योग्य वाटतो. आधी पायथन, कारण नोंदी तपासण्याची छोटी साधने तिच्यात लवकर लिहिता येतात. मग सी, स्मृतीचा व्यवहार समजण्यासाठी. त्यानंतर संकेतस्थळांसाठी एसक्यूएल आणि जावास्क्रिप्ट. चार भाषांची नुसती तोंडओळख करून घेण्यापेक्षा पहिल्या दोन नीट शिकलेल्या बऱ्या.

प्रयोग मात्र स्वतःच्या संगणकावरच करावेत. परवानगीशिवाय परक्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायला हवे.