सीपॅप लावलं आणि पोटाचा फुगा झाला! मशीन कपाटात टाकण्याआधी हे वाचा

आज नवा फोन नाही की नवं ॲप नाही. आज ज्या गॅजेटबद्दल लिहितोय, ते मी गेले सात महिने रोज रात्री नाकावर बांधून झोपतोय. सीपॅप मशीन. आणि हे मशीन मी आणल्यापासून नवव्या दिवशी चक्क कपाटात टाकलं होतं. मशीन बिघडलं नव्हतं, माझं पोट बिघडलं होतं.

थोडं मागे जाऊ. मी २८ वर्षांचा, रत्नागिरीत घरूनच काम करतो. हॉस्टेलला असताना मित्रांनी माझ्या घोरण्याचे ऑडिओ ग्रुपवर टाकले होते, तेव्हा मीही हसलो होतो. पण गेल्या वर्षी भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे जाताना, सकाळी अकरा वाजता, बाईक चालवता चालवता मला डुलकी लागली. बाईक रस्त्याकडेच्या खडीत गेली तेव्हा जाग आली. समोरून एसटी येत नव्हती म्हणून हा लेख लिहितोय. मग कोल्हापूरला जाऊन स्लीप स्टडी केली. एएचआय आला ३१.

एएचआय म्हणजे झोपेत दर तासाला सरासरी किती वेळा तुमचा श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा खूप कमी झाला, तो आकडा. ५ च्या आत असेल तर ठीक, ३० च्या वर म्हणजे गंभीर. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून तुम्हाला उठवतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. हा आजार म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

यावर सीपॅप. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. कल्पना अगदी साधी: एक छोटा पंखा नळीतून आणि मास्कमधून दाबाखाली हवा सोडत राहतो आणि ती हवा घशाची वाट आतून उघडी धरून ठेवते. दाब मोजतात सेंटिमीटर पाण्यात. बहुतेक मशीन ४ ते २० च्या दरम्यान चालतात.

हा दाब किती, ते घरी करून बघा. उंच ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. जेवढा जोर लागला तो १० चा दाब. १६ चा बघायचा तर ग्लास पुरणार नाही, पाण्याची बाटली घ्यावी लागेल. रात्रभर कुणीतरी असं तुमच्या नाकात फुंकतंय असं समजा.

आता मुद्दा. घशाच्या मागे दोन दारं आहेत. एक श्वासनलिकेचं, दुसरं अन्ननलिकेचं. अन्ननलिकेचं दार एरवी घट्ट मिटलेलं असतं आणि आपण गिळतो तेवढ्यापुरतंच उघडतं. पण मशीनला काय माहीत कुठलं दार कशाचं? आपण झोपेत थुंकी गिळतो, दार उघडतं, दाबाखालची हवा आत घुसते. दाब जास्त असेल तर न गिळताही फटीतून थोडी थोडी जाते. ती हवा पोटात साठते. याला एरोफेजिया म्हणतात. मराठीत सरळ सांगायचं तर हवा गिळणं.

माझं तिसऱ्या रात्रीपासून सुरू झालं. पहाटे तीनला जाग यायची ती पोट ढोलासारखं ताणल्यामुळे. कुशीवर वळलं की आत गुडगुड. सकाळी ढेकरांची माळ, आणि पुढचं लिहीत नाही. आईने ओवा दिला, हिंगाचं पाणी दिलं. शेवटी म्हणाली, "अरे, आधी निदान झोपत तरी होतास. ठेव ते यंत्र बाजूला." नवव्या दिवशी ठेवलं. दोन रात्री शांत पोटाने घोरलो. तिसऱ्या दिवशी स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा चालू असताना माझी मान पडली, तेव्हा पुन्हा खडीतली बाईक आठवली.

मग म्हटलं, आपण इंजिनियर आहोत ना? बग आला की आधी लॉग बघतो. या मशीनचाही लॉग असतो! माझ्या मशीनच्या मागे एसडी कार्ड आहे आणि त्यावर रात्रभराचा दाब, गळती आणि थांबलेले श्वास सगळं नोंदलं जातं. ऑस्कर नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते बऱ्याच मशीनचं हे कार्ड वाचतं. विंडोज, मॅक, लिनक्सवर चालतं, फोनवर नाही. एक काळजी घ्या: कार्ड लॅपटॉपला लावण्याआधी त्याच्या कडेचं छोटं लॉक लावा, म्हणजे लॅपटॉप त्यावर काही लिहिणार नाही. परत मशीनमध्ये टाकताना लॉक काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो आणि एका रात्रीचा डेटा गेला.

ग्राफ उघडला आणि पाच मिनिटांत कळलं. डीलरने मशीन जसं खोक्यातून निघालं तसंच दिलं होतं, ४ ते २०. ऑटो मशीन म्हणजे घसा बंद होतोय असं वाटलं की ते स्वतःच दाब वाढवतं. झोपताना ४ चा दाब मला इतका कमी पडायचा की श्वास कोंडल्यासारखं वाटून मी हवेचे घोट घ्यायचो. आणि पहाटे, पाठीवर उताणा झोपलो की घसा जास्त बंद व्हायचा, दाब चढत चढत १६ वर. पोट फुगायची वेळ तीच.

इथे मोह होतो. यूट्यूबवर कुठली दोन बटणं दाबली की डॉक्टरांचा मेन्यू उघडतो ते सापडतं. मी उघडलाही होता. पण जास्तीत जास्त दाब सरळ ८ वर आणला तर पोट खूश होईल आणि घसा पुन्हा बंद पडायला लागेल, आणि झोपेत ते मला कळणारही नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवर कुणाला न विचारता बदल करण्यासारखंच हे. म्हणून ग्राफचे स्क्रीनशॉट डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांनी दाब ७ ते ११ मध्ये बांधून दिला आणि श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारं सेटिंग चालू करायला सांगितलं. रेसमेडच्या मशीनमध्ये त्याला ईपीआर म्हणतात, दुसऱ्या कंपन्यांची नावं वेगळी. आठवड्याने पुन्हा डेटा पाठवायला सांगितला, कारण या सेटिंगनेही काही जणांचा एएचआय वाढू शकतो. माझा ४ आला.

बाकी माझं मी केलं. कुशीवर झोपायला लागलो, पाठीला लोड लावून. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या, बाबा म्हणाले घराला उतार काढतोयस की काय. संध्याकाळी जागेपणी मास्क लावून वीस मिनिटं क्रिकेटचे हायलाइट्स बघायचो. कंटाळवाणं वाटेल, पण याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. नवीन माणूस मास्कला घाबरून हवेचे घोट घेतो, ती सवय जागेपणीच मोडावी लागते. पावसाळ्यात आमच्या घरात भिंतीला बुरशी आणि माझं नाक बंद. नाक बंद झालं की तोंड उघडतं, हवा गळते, घसा कोरडा पडतो आणि मग गिळणं वाढतं. त्यासाठी झोपण्याआधी जलनेती, पण पाणी उकळून गार केलेलं. नळाचं बिलकुल नको.

ज्यांना आधीच ॲसिडिटी किंवा जळजळीचा त्रास आहे त्यांनी तो डॉक्टरांना नक्की सांगा, हवा गिळण्याचा त्याच्याशी संबंध सापडलेला आहे. आणि पोटात जोराची कळ, उलट्या किंवा छातीत दुखणं असेल तर ग्राफ बघत बसू नका, दवाखान्यात जा.

त्रास पूर्ण गेलाय का? नाही. गेल्या शनिवारी पाहुणे आले, रात्री साडेदहाला सुरमईचं तिखलं आणि भात, वर थंड सोडा. पहाटे पोट परत ढोल. सकाळी कार्ड काढून बघितलं तर दाब रात्रभर ९ च्या वर गेलाच नव्हता.