पाद्रे बेमधला मुक्काम

नांगर इथे पाण्यात टाकायचा नसतो, वाळूत पुरायचा असतो. हाउसबोटीचं नाक किनाऱ्यावर चढवून मावसभाऊ इंजिन चालूच ठेवतो, म्हणजे बोट मागे घसरत नाही, आणि आम्ही बाकीचे फावडी घेऊन उतरतो. मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून तिरके दोर काठावर आणायचे, ते पोचतील तिथे कंबरभर खड्डा खणायचा, नांगर आत ठेवून वर वाळू लोटायची नि तुडवायची. सप्टेंबर लागलाय, तरी वाळू चपलेतून पोळते. किती वाजले विचारावं, तर भावाचा फोन चार सांगतो, वहिनींचा पाच. निघालो तो वाहवीपचा धक्का ॲरिझोनात, हा पाद्रे बे युटात. युटावाले उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, ॲरिझोनावाले करत नाहीत, आणि फोनला ज्या बाजूचा सिग्नल लागेल ती त्याची वेळ.

"चहाची वेळ दोन्हीकडे झालीय," वहिनी निकाल देतात.

वरच्या डेकवर कप घेऊन बसलं की पाद्रे बेचा पसारा दिसतो. समोर गनसाइट ब्यूटचा लालसर सुळका, पूर्वेला दहा हजार फुटांहून उंच असलेला नवाहो माउंटन, आणि मध्ये निळंशार पाणी. झाड औषधालाही नाही. वाळवंट थेट पाण्यात उतरतं, मध्ये हिरवळीची कडसुद्धा न ठेवता. या खाडीच्या तळाशी एक उतार आहे. 1776 साली दोमिंगेझ आणि एस्कलांते या दोन स्पॅनिश पाद्र्यांनी तिथून कोलोरॅडो नदी ओलांडली. नाव त्यांचं उरलंय, उतार बुडालाय.

याला लेक पॉवेल म्हणतात, पण हे तळं नव्हे, नदी अडवून केलेला जलाशय आहे. 13 मार्च 1963 रोजी ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि तो काठोकाठ भरायला 1980 उजाडलं. भरला की लांबी तीनशे किलोमीटर. नव्वदहून जास्त घळींमध्ये पाणी शिरत असल्यामुळे किनारा मात्र तीन हजार किलोमीटरच्या वर. आत्ता तो भरलेला नाही, आणि हे कळायला आकडा लागत नाही. प्रत्येक कड्याला पाण्यालगत एक पांढरा पट्टा आहे, शंभर फुटांहून उंच. पाणी उतरताना मागे राहिलेले क्षार. वर तांबडा खडक, खाली पांढरा, मधली रेघ पाणसळीने मारल्यासारखी सरळ. पाणी कुठवर होतं ते त्या रेघेवर वाचायचं.

त्या रेघेची किंमत आम्ही येतानाच मोजलीय. कॅसल रॉक कट नावाची जवळची, मुद्दाम खोदलेली वाट कोरडी पडलीय. सावकाश चालणाऱ्या या अवजड बोटीला वळसा घालून यायला तासाभराहून जास्त वेळ गेला. पायाखालीही तेच. काठच्या खडकांना क्वागा शिंपल्यांचे मेलेले पापुद्रे चिकटलेत, ब्लेडसारखे धारदार. 2013 मध्ये हा परका जीव इथे सापडला आणि आता जलाशयभर पसरलाय. परत जाताना बोट निथळून, धुऊन, वाळवूनच रस्त्यावर न्यायची, असा नियम त्याच्यामुळेच.

उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक बघायला जातात, तसं इथेही होतं. एस्कलांते नदीच्या बाजूला 'कॅथीड्रल इन द डेझर्ट' नावाची एक प्रचंड कपार आहे. धरणाने ती बुडाली, आणि आता पाणी उतरल्यावर लोक पुन्हा तिच्यात चालत जातात. कोणी हळहळतो, कोणी फोटो काढतो. बहुतेक जण दोन्ही करतात.

रात्री वारा सुटतो. दोर करकरतात, भाऊ टॉर्च घेऊन दोनदा नांगर बघून येतो. नांगर जागचा हलत नाही. झोप मात्र कोणालाच धड लागत नाही.

पहाटे, अंधार पुरता सरायच्या आत, आम्ही मागे बांधून आणलेली छोटी मोटरबोट सोडतो. भावाचा एक सहकारी बरोबर आहे, वर्षानुवर्षं इथे गळ टाकणारा. डब्यात अँकोव्हीचे तुकडे आहेत, कड्याच्या सावलीत खोल सोडायला. पण तो डबा उघडत नाही, नुसता पाण्याकडे बघत बसतो. आणि मग हात करतो. दीडशे हातांवर पाणी उकळतंय. अगदी आधण आल्यासारखं! हजारो इवले शॅड मासे पृष्ठभागावर उसळतायत आणि खालून स्ट्रायपर माशांची झुंड त्यांना फाडतेय. इथले लोक याला 'बॉइल'च म्हणतात. इंजिन बंद, बोट नुसती वाहत पुढे.

"त्यांच्या पलीकडे फेक, डोक्यावर नको," तो कुजबुजतो.

माझी पहिली फेक आखूड पडते, दुसरी बरोबर. दोर ताणतो, काठी कमान होते. मासा वर येतो तो चांगला किलोभराचा, चंदेरी, अंगावर आडव्या काळ्या रेघा. तोवर बॉइल विझलेलं असतं. पाच मिनिटांचा खेळ, आणि पाणी पुन्हा काच.

हा मासा मूळचा इथला नाही. अटलांटिक किनाऱ्याचा, नद्यांत चढून अंडी घालणारा स्ट्राइप्ड बास, म्हणजेच स्ट्रायपर, इथे 1974 मध्ये सोडला. त्याला खायला शॅड त्याआधीच आणून सोडले होते. तो इतका माजला, की कितीही धरा, मर्यादा नाही. नदीचा स्वतःचा पाइकमिनो, माणसाएवढा वाढणारा, गढूळ आणि उन्हाळ्यात कोमट होणाऱ्या पाण्याचा जीव. तो या भागातून जवळपास गेलाच. सुट्टीची मजा त्या अदलाबदलीवर उभी आहे. मला ती अदलाबदल पटत नाही, पण गळ मी खाली ठेवत नाही.

न्याहारीला तुकड्या. वहिनी मालवणच्या, आगळाची बाटली फिनिक्सहून बरोबर आणलेली. आगळ, मालवणी मसाला, वर रवा, आणि तवा थेट ग्रिलवर. "सुरमईची सर नाही," असं म्हणत त्या स्वतःच तिसरी तुकडी घेतात. पुतणीला मात्र एकच देतात. धरणाकडच्या भागातल्या स्ट्रायपरमध्ये पारा आढळल्याने मुलांनी आणि गरोदर बायकांनी तो बेतानेच खावा, अशी आरोग्य खात्याची सूचना आहे.

खाता खाता सहकारी पाण्याचं राजकारण उलगडतो. 1922 मध्ये कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं, तेव्हा हाताशी होते ते भरपूर पावसाच्या वर्षांचे आकडे. नदी तेवढी नाहीच. 1983 मध्ये पूर आवरेना म्हणून धरणाच्या दरवाजांवर प्लायवुडच्या फळ्या ठोकल्या होत्या. त्याच धरणाला आज पाणी टर्बाइनपर्यंत पोचेल ना, ही धास्ती. आणि नाव कोणाचं, तर जॉन वेस्ली पॉवेलचं. 1869 मध्ये लाकडी होड्यांतून ही नदी उतरलेला हा एका हाताचा माणूस. इतक्या जमिनी भिजवायला पाणी पुरणार नाही, असं 1893 च्या सिंचन परिषदेत तो बोलला, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

कोणी जाणार असलात तर सप्टेंबरात जा, पायात जाड बूट घाला आणि फावडी दोन तरी न्या. पण बोटीचे पैसे भरण्याआधी पातळी बघा. ब्युरो ऑफ रेक्लमेशन ती रोज जाहीर करतं. समुद्रसपाटीपासून 3,700 फूट म्हणजे काठोकाठ, 3,490 फुटांखाली वीजनिर्मिती बंद. 2023 च्या वसंतात ती 3,520 फुटांच्या आसपास होती.