भांडण सरलं, गाणं उरलं?

२०२४ च्या उन्हाळ्यात केंड्रिक लमार आणि ड्रेक या दोन बड्या रॅपर्सनी एकमेकांवर सिंगल्सची फैर झाडली. तेव्हा सगळे स्कोअर मोजत होते. बातमी शिळी झाल्यावर त्याच गाण्यांना पुन्हा कान लावला, तर काय हाती लागतं? एका श्रोत्याचा हा रोखठोक निकाल...

हिप हॉपचं नवंकोरं सिंगल आणि कढईतून नुकताच काढलेला वडा, दोघांचं एक बरं असतं. गरम असताना सगळेच सॉल्लिड लागतात! रिलीजच्या रात्री ग्रुपवर लिंक येते, ‘ऐकलंस का, ऐकलंस का’ सुरू होतं, आणि सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी जो तो समीक्षक झालेला असतो. पण बॉस, खरी परीक्षा थंड झाल्यावर.

म्हणून मी त्या गाजलेल्या भांडणातली सिंगल्स पुन्हा एकदा ओळीने ऐकली. कोण जिंकलं हे जगाला ठाऊक आहे. गाणं म्हणून कोणतं टिकलं, एवढाच माझा प्रश्न होता. निदान सुरुवातीला तरी एवढाच होता.

ज्यांनी ही सिरियल मधूनच लावलीय, त्यांच्यासाठी आधीची स्टोरी. केंड्रिक लॉस एंजलिसजवळच्या कॉम्पटनचा. शब्दांचा पक्का, एरवी मोजकंच बोलणारा, आणि २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारा पहिला रॅपर. ड्रेक टोरोंटोचा. टीव्हीवरच्या टीनएज मालिकेतून आलेला, रॅपसोबत गातोही छान, आणि हिट गाण्यांचा तर कारखानाच! ऑक्टोबर २०२३ मध्ये ड्रेकच्या ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या गाण्यात जे. कोल या तिसऱ्या बड्या रॅपरने आम्ही तिघंच काय ते मोठे, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. केंड्रिकला हे त्रिकूट मंजूर नव्हतं. झालं! ठिणगी पडली.

आपल्या मंडळींना हा मामला समजायला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही. कोकणात किंवा मुंबईतल्या एखाद्या हॉलमध्ये डबलबारी ऐकलीय कधी? दोन भजनी बुवा, दोघांच्या पेट्या, दोघांचे पखवाज. एका बुवांनी चिमटा काढायचा, दुसऱ्यांनी तो व्याजासकट परत करायचा, आणि पब्लिकने जागचं हलायचं नाही. तमाशातल्या सवाल-जवाबातही तेच. तिथला साधा फंडा असा की, टोमणा मारा, पण सुरात मारा!

तोच फंडा घेऊन मी तीन कसोट्या ठरवल्या. एक, टोमणा सुरात आहे का? दोन, संदर्भ कळले नाहीत तरी गाणं ऐकवतं का? आणि तीन, दोघांच्या मारामारीत तिसऱ्याच कुणाला चटका बसतो का? ही तिसरी कसोटी मी उगाच, यादी पूर्ण करायला घातली होती. तिनेच पुढे माझी पंचाईत केली.

लाइक दॅट (२२ मार्च)

गाणं फ्यूचर आणि मेट्रो बूमिन यांचं, केंड्रिक फक्त पाहुणा. पण पाहुण्याने येऊन अख्खं घरच ताब्यात घेतलं! बीटमध्ये ऐंशीच्या दशकातल्या ‘एव्हरलास्टिंग बास’ या गाण्याचा तुकडा आहे. तो जाडजूड बास सुरू झाला की ट्रेडमिलवर आपोआप वेग वाढतो. केंड्रिकचं कडवं लहान, धारदार आणि अजिबात न दमणारं. कुणाशी भांडतोय हे माहीत नसलं तरी मजा तसूभर कमी होत नाही. बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत हे गाणं थेट पहिल्या नंबरवर उतरलं आणि तीन आठवडे तिथेच ठाण मांडून बसलं, ते उगाच नाही.

थंड झाल्यावर : ५ पैकी ४.

सेव्हन मिनिट ड्रिल (५ एप्रिल)

जे. कोलचं उत्तर. जीभ नेहमीसारखी सफाईदार, पण मन कुठेतरी मागे सरकलेलं. भांडायचंय म्हणून भांडतोय, हे ऐकू येतं. आणि ते खरंच निघालं! दोनच दिवसांनी, स्वतःच्याच ड्रीमव्हिल फेस्टिव्हलमध्ये, हजारो लोकांसमोर कोलने स्टेजवरून चूक कबूल केली आणि पुढे गाणं स्ट्रीमिंगवरून काढूनही टाकलं. तेव्हा त्याची भरपूर टर उडवली गेली. ‘घाबरला’ म्हणाले लोक. पुढचा एक महिना जे काही झालं ते बघता, पूर्ण क्लासमध्ये हाच एक मुलगा शहाणा होता असं म्हणायची पाळी येते.

थंड झाल्यावर : गाण्याला ५ पैकी दीड. माणसाला पैकीच्या पैकी.

पुश अप्स आणि टेलर मेड फ्रीस्टाइल (१९ एप्रिल)

ड्रेकचं ‘पुश अप्स’ म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावरची खेचाखेची. केंड्रिकच्या उंचीवरून, बुटाच्या मापावरून विनोद. टाइमिंग मस्त, बीट चालता-बोलता, ड्रेक रंगात. डबलबारीच्या पब्लिकने इथे नक्की शिट्टी मारली असती. प्रॉब्लेम एवढाच की विनोद एकदाच हसवतो. तिसऱ्यांदा ऐकताना मी फोनवर मेल तपासत होतो.

‘टेलर मेड फ्रीस्टाइल’मध्ये मात्र ड्रेकने हद्द केली. केंड्रिकला डिवचायला त्याने वेस्ट कोस्टच्या दोन दैवतांचे आवाज एआयने बनवले. एक स्नूप डॉग आणि दुसरा टूपाक. टूपाकला जाऊन १९९६ पासूनचा काळ लोटलाय! त्याच्या वारसांनी वकिलाची नोटीस धाडली आणि ड्रेकला गाणं मागे घ्यावं लागलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपले टोमणे घालायचे, हे डबलबारीतच काय, गल्लीतल्या भांडणातही बसत नाही. माझ्या तिसऱ्या कसोटीचा पहिला बळी इथे पडला.

गंमत म्हणजे एआयचा झक्कास वापरही याच भांडणात झाला. मेट्रो बूमिनने ५ मे रोजी ‘बीबीएल ड्रिझी’ नावाचा बीट सगळ्यांसाठी फुकट सोडला. त्यातला जुन्या सोल गाण्यासारखा वाटणारा तुकडा किंग विलोनियस या विनोदवीराने एआयच्या मदतीने बनवला होता. देशोदेशीच्या पोरांनी त्यावर रॅप केला. कुणाचा आवाज चोरला नाही, आणि हसूनही झालं!

थंड झाल्यावर : ‘पुश अप्स’ ५ पैकी अडीच. ‘टेलर मेड’ला भोपळा.

युफोरिया (३० एप्रिल)

माझं लाडकं. सहा मिनिटांहून जास्त लांब, आणि तरी पुढे ढकलावंसं वाटत नाही. सुरुवात टेडी पेंडरग्रासच्या मखमली जुन्या गाण्याने, जणू केंड्रिक खुर्ची ओढून शांतपणे बसतोय. मग बीट पालटतो, आवाज पालटतो. कधी दबका, कधी किनरा, कधी शेजारच्या काकूंसारखा चिडका. तिरस्कार कशाकशाचा वाटतो याची यादी वाचतानाही माणूस लय सोडत नाही. आणि नाव बघा, ज्या टीव्ही मालिकेच्या निर्मात्यांमध्ये ड्रेक आहे, तिचंच नाव गाण्याला! अर्ध्याहून जास्त संदर्भ मला पहिल्यांदा कळले नव्हते. तरी बोरिवलीला लावलं आणि कांदिवली कधी मागे पडलं ते समजलं नाही. शत्रू ड्रेकच आहे, बायका-पोरं बहुतांशी बाहेर आहेत. सवाल-जवाब असावा तर असा.

थंड झाल्यावर : ५ पैकी साडेचार.

फॅमिली मॅटर्स आणि मीट द ग्रॅहम्स (३ मे)

इथून हवा बदलते. ड्रेकचं ‘फॅमिली मॅटर्स’ साडेसात मिनिटांचं, तीन वेगवेगळ्या बीट्सचं. व्हिडिओत केंड्रिकच्या जुन्या अल्बमच्या कव्हरवर होती तशी व्हॅन यंत्राखाली चेचलेली दिसते. कारागिरी बघाल तर ड्रेकचं या भांडणातलं सर्वोत्तम काम. पण नावाप्रमाणेच ते थेट घरात घुसतं. केंड्रिकच्या जोडीदाराला, मुलांना त्यात ओढलंय, आणि मारहाणीसारखे गंभीर आरोपही आहेत.

तासाभराच्या आत केंड्रिकचं उत्तर आलं, ‘मीट द ग्रॅहम्स’. ग्रॅहम हे ड्रेकचं आडनाव. अल्केमिस्टने रचलेला पियानोचा एकच भयाण तुकडा गोल गोल फिरत राहतो आणि केंड्रिक ड्रेकच्या घरच्यांना एकेक करून पत्र लिहिल्यासारखा बोलतो. सुरुवात कुणापासून? ड्रेकच्या सहा वर्षांच्या मुलापासून! पुढे ड्रेकला एक लपवलेली मुलगी असल्याचा दावा आहे. ड्रेकने तो साफ फेटाळला आणि आजवर त्याचा कोणताही पुरावा पुढे आलेला नाही.

खरं सांगू? रिलीज झाल्या दिवशी मला हे गाणं भयंकर ग्रेट वाटलं होतं. हॉरर सिनेमा बघताना वाटतं तसं. आता ऐकताना कान त्या पोराकडे जातो. हा मुलगा मोठा होईल, शाळेत जाईल, आणि त्याच्या नावाने सुरू होणारं हे गाणं एका क्लिकवर असेल. त्याने कुणाला काय टोमणा मारला होता?

थंड झाल्यावर : कारागिरीला दोघांनाही ५ पैकी ४. पण मी पुन्हा लावणार नाही. दोन्हींपैकी एकही नाही.

नॉट लाइक अस (४ मे)

आणि मग दुसऱ्याच दिवशी हे! लॉस एंजलिसच्याच मस्टर्डचा बीट, जुन्या रेकॉर्डवरून उचललेले ते वाकडे व्हायोलिन्स, टाळ्या, आणि पहिल्या ऐकण्यात तोंडपाठ होणारा हुक. हळदीत वाजवा, गणपतीच्या वर्गणीच्या मीटिंगला वाजवा, माणसं हलणारच. १९ जूनला लॉस एंजलिसच्या कॉन्सर्टमध्ये केंड्रिकने हे एकच गाणं लागोपाठ पाच वेळा सादर केलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या टोळ्यांतली माणसं त्या रात्री एका स्टेजवर नाचली. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात रेकॉर्ड ऑफ द इयर आणि साँग ऑफ द इयरसुद्धा. आठवड्याभराने सुपर बोलच्या मध्यंतरात संपूर्ण स्टेडियम ते ओरडत होतं.

पहिली कसोटी पास. दुसरी तर डिस्टिंक्शनमध्ये पास. तिसरी?

या गाण्यात ड्रेकवर अल्पवयीन मुलींसंदर्भात गुन्हेगारी आरोप आहेत. ड्रेकने ते नाकारलेत, आणि कोणत्याही कोर्टात सिद्ध झालेले नाहीत. कव्हरवर तर त्याच्या टोरोंटोच्या घराचं आकाशातून घेतलेलं चित्र आहे, वर गुन्हेगारांच्या नकाशात असतात तशा खुणा. म्हणजे आपण ज्यावर नाचतोय ती एक न सिद्ध झालेली फिर्याद आहे, आणि ती फिर्याद इतकी ठेक्यात बसलीय की लाखो लोक कोरसमध्ये म्हणतात! डबलबारीतला टोमणा हॉलच्या दारापाशी संपतो. हा फोनमधून जगभर गेला.

ड्रेकने जानेवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड कंपनीवर, म्हणजे युनिव्हर्सल म्युझिक ग्रुपवर, बदनामीचा खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने तो फेटाळला. त्याचं कारण वाचण्यासारखं आहे. अशा तापलेल्या रॅप बॅटलमधली वाक्यं कुणीही समजूतदार श्रोता पडताळलेलं सत्य म्हणून घेणार नाही, ती मतं आहेत, असा कोर्टाच्या म्हणण्याचा आशय. ड्रेकने त्यावर अपील केलं.

मला निकाल पटला. शब्दांचा खेळ खेळताना कोर्टात खेचलं जाण्याची भीती असेल तर रॅपच संपेल, आणि शाहिरीसुद्धा. पण त्या निकालातला तो ‘समजूतदार श्रोता’ म्हणजे कोण हो? तुम्ही-आम्हीच की! सगळा डोलारा आपल्या अकलेवर उभा आहे. कोर्टाने गृहीत धरलंय की हुक तोंडपाठ झाला म्हणून आरोप खरा मानण्याइतके आपण भाबडे नाही. आणि इथे मला थोडी शंका येते. ‘तो ना? तो तसाच आहे, माहितेय सगळ्यांना,’ असं पार्टीत सहज बोलणारे किती तरी जण मी ऐकलेत. कशावरून माहितेय, असं विचारलं की उत्तर येतं, ‘अरे, गाणं नाही ऐकलंस?’

थंड झाल्यावर : गाणं म्हणून ५ पैकी ५. त्यातल्या आरोपाची जबाबदारी मात्र ऐकणाऱ्याची.

मग माझी प्लेलिस्ट काय? ‘युफोरिया’ आणि ‘लाइक दॅट’ कायमची आत. ‘पुश अप्स’ मूड असेल तेव्हा. ‘नॉट लाइक अस’ लागलं की मी आजही नाचतो, खोटं कशाला बोलू! फक्त कुणी त्या ठेक्याला पुरावा म्हणायला लागलं, की एक हेडफोन काढून सांगतो, बाबा रे, हे गाणं आहे. ऐक, नाच, आणि निकाल मात्र कोर्टावर सोड.