केंद्रातून घरी आल्यावर: व्यसनमुक्तांचे स्वमदत गट

खरी परीक्षा कुठे?

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचा. आत नशा मिळत नाही, दिनक्रम ठरलेला असतो. जालन्याहून आलेल्याला अवघड जाते ते घरी परतल्यावर. रोलिंग मिलमधली तीच रात्रपाळी, टपरीवरचे तेच दोस्त आणि मराठवाड्यात ‘बटन’ म्हणून खपणाऱ्या झोपेच्या गोळ्या देणाराही तोच. स्वमदत गट लागतो तो इथून पुढे.

गटात काय चालते?

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते, काहीच नाही. दहा-बारा जण गोल बसतात, एकेक जण आपली हकीकत सांगतो, चहा होतो. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. समोरचा बोलताना मध्ये तोंड घालायचे नाही आणि सल्ला द्यायचा नाही. सल्ले देण्यात आपण सगळेच तरबेज, त्यामुळे हा नियम भल्याभल्यांना जड जातो.

ही रीत १९३५ची. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात धंद्याचे काम फसलेला, नुकतीच दारू सोडलेला बिल पुन्हा प्यायच्या बेतात होता. त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला, तर भेटले डॉक्टर बॉब. त्यांना सुधारता सुधारता बिल स्वतः सावरला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली, १९५३ मध्ये ड्रग्जवाल्यांसाठी ‘नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस’.

मुक्तांगणची वाट

ब्राउन शुगरने तरुण पोरे पोखरली जात होती, तेव्हा डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू केले, पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे होते. इथे बरे झालेलेच पुढे समुपदेशक होतात. ‘मी सोडू शकणार नाही’ म्हणणाऱ्याला यापेक्षा वेगळे उत्तर लागत नाही. व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. माझ्या मते तो तितकाच मोलाचा, कारण घर संशयाने धुमसत असेल तर बाहेरची बैठक किती पुरणार?

गावात निनावी कसे राहायचे?

मंठा-घनसावंगीसारख्या लहान गावांत चेहरा लपत नाही. मग सरळ शेजारच्या तालुक्यातला किंवा जालना शहरातला गट शोधावा. एसटीचे भाडे पडेल, पण जीभ मोकळी होईल.

गटाच्या आवाक्याबाहेरचे

दारू किंवा ‘बटन’ एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते; तिथे आधी डॉक्टरच हवा. काही महिने सोडलेली ब्राउन शुगर पूर्वीच्याच मात्रेत घेतली तर जीव जाऊ शकतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते. पुन्हा नशेकडे घसरलेल्याने ती घसरण लपवू नये. गटात त्याला कोणी हाकलत नाही.

पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांसाठी: अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट मिळू शकते. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे.