चमक उतरली, तर पाण्यात तणनाशक

मका आणि उसातल्या तणावर फवारलेलं ॲट्राझिन जमिनीतून झिरपत विहिरीपर्यंत पोचू शकतं. पिण्याच्या पाण्यात बहुतेक कोणत्याही एका तणनाशकाची वा कीटकनाशकाची युरोपीय संघाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे १ कोटी लिटर पाण्यात जेमतेम १ ग्रॅम. आपलं आयएस १०५०० हे मानक ॲट्राझिनला २ मायक्रोग्रॅमची मुभा देतं. वीसपट! ही तफावत खटकणारी आहे.

इतकं थोडं विष शोधायला प्रतिपिंडं कामी येतात. ॲट्राझिनचा रेणू फार लहान. प्रथिनाला जोडून प्राण्याला टोचल्याशिवाय त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. या प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडून ती नमुन्यात मिसळतात. पाण्यात ॲट्राझिन असेल तर ती त्याला चिकटतात. मोकळी उरलेली तेवढी काचेवर बसवलेल्या ॲट्राझिनसदृश रेणूंना धरतात आणि लेझरच्या प्रकाशात उजळतात. म्हणून चमक जितकी कमी, तितकं तणनाशक जास्त. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातलं ‘रियाना’ हे उपकरण याच तत्त्वावर चालतं.

प्रोपाझिनसारखे जवळचे रेणूही या प्रतिपिंडांना चकवतात. त्यामुळे संशयित नमुना क्रोमॅटोग्राफीने पुन्हा तपासावाच लागतो.