परवाना-शुल्क, खाजगी सुरक्षा सेवेचे

परवाना-शुल्क, खाजगी सुरक्षा सेवेचे : मोबदला घेऊन पहारा व संरक्षण पुरविण्याची अनुज्ञा मागताना संस्थेने शासनाकडे भरावयाची रक्कम. ही कामे पोलिसांच्या कर्तव्यांशी निगडित असल्याने भारतात ती ‘खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५’ अन्वये परवान्याखालीच करता येतात.

या अधिनियमाच्या कलम ७ नुसार शुल्क कार्यक्षेत्रावरून ठरते : एका जिल्ह्यासाठी ५,००० रु., एकाहून अधिक परंतु पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी १०,००० रु. व संपूर्ण राज्यासाठी २५,००० रु. येथे जिल्ह्यांची संख्या पाहिली जाते, विस्तार नव्हे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर, नामांतर २०२४) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असला, तरी केवळ त्याच जिल्ह्यात साखर कारखाने, औद्योगिक वसाहती इ. ठिकाणी पहारेकरी पुरविणाऱ्या संस्थेस ५,००० रुपयेच भरावे लागतात. तिने लगतच्या पुणे व नाशिक जिल्ह्यांतही काम करावयाचे ठरविल्यास शुल्क १०,००० रु. होते.

शुल्क अर्जासोबतच भरावयाचे असते. त्यानंतर नियंत्रक प्राधिकारी चौकशी करतो, पोलिसांचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवितो आणि साठ दिवसांत निर्णय देतो. ही मुदत परिपूर्ण अर्ज व शुल्क मिळाल्यापासून मोजली जाते. अर्ज नाकारल्यास शुल्क परत करण्याची तरतूद अधिनियमात नाही. कारण शुल्क अर्जाशी निगडित आहे, परवाना मिळण्याशी नाही. मात्र अर्जदारास म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून व कारणे नमूद केल्यावाचून नकार देता येत नाही. नकाराविरुद्ध साठ दिवसांत राज्याच्या गृहसचिवांकडे अपील करता येते.

चुकीने झालेल्या भरण्याची गोष्ट वेगळी आहे. एकाच अर्जासाठी दोनदा रक्कम भरली गेल्यास भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ मधील, चुकीने दिलेले पैसे परत करण्याच्या तत्त्वाचा आधार घेता येतो. हे तत्त्व शासनालाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये कन्हैयालाल सराफ या विक्रीकराच्या खटल्यात मानले. पुढे मफतलाल इंडस्ट्रीज खटल्यात (१९९६) कराचा बोजा इतरांवर टाकणाऱ्यास परतावा मागता येणार नाही, अशी मर्यादा घालण्यात आली.

लहान संस्थांच्या, विशेषतः निवृत्त सैनिकांनी काढलेल्या संस्थांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. अर्ज भरण्यापूर्वीच कार्यक्षेत्र निश्चित करणे, प्रतिज्ञापत्रात प्रशिक्षणाची व्यवस्था व प्रलंबित खटल्यांची माहिती पूर्णपणे देणे आणि भरण्याची पावती जपून ठेवणे, हाच शुल्क वाया न जाण्याचा खात्रीचा उपाय होय.