कायदा, नियम, ठराव आणि रूढी

'तसा नियम नाही' हे वाक्य आपल्या माणसांनी तहसीलच्या खिडकीपाशी, पोलीस ठाण्यात, शाळेच्या ऑफिसात पिढ्यानपिढ्या ऐकले आहे. ते ऐकले की माणूस मुकाट्याने परत फिरतो. नियम म्हणजे कायदा, कायदा म्हणजे सरकार आणि सरकारपुढे आपले काय चालणार, हे समीकरण त्याच्या मनात पक्के बसलेले असते. या समीकरणातली पहिलीच पायरी चुकीची आहे, आणि ती शब्दांच्या अज्ञानातून आली आहे, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे.

मी अंबडच्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. आजोबांच्या पिढीने निजामाची राजवट पाहिली; त्यांच्यापाशी हुकूम आणि फर्मान हे दोनच शब्द होते, आणि दोन्ही वरून खाली येणारे. माझ्या विद्यार्थ्यांपुढे मात्र लॉ, ॲक्ट, रूल, रेग्युलेशन, ऑर्डर, रेझोल्यूशन, कस्टम अशी शब्दांची रांग उभी असते. शब्दकोश उघडावा तर बहुतेकांपुढे 'कायदा, नियम' असाच अर्थ आलटून पालटून दिलेला. म्हणून मी त्यांना सांगतो, अर्थ पाठ करण्याआधी प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा. हा कोणी केला? कोणत्या अधिकाराने केला? आणि तो मोडीत कोण काढू शकतो?

लॉ हा सर्वांत मोठा शब्द. एखाद्या देशात जे जे बंधनकारक म्हणून न्यायालय मानते, ते सारे त्याच्या पोटात येते. ॲक्ट, म्हणजे अधिनियम, हा त्यातला एक तुकडा. संसदेने किंवा विधिमंडळाने मंजूर केलेला, नाव आणि साल असलेला. मंजुरीपूर्वी तेच बिल, म्हणजे विधेयक असते. बिल आणि ॲक्ट यांतले अंतर किती असते, हे हिंदू कोड बिलाने दाखवले. ते बिलच राहिले, म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये त्याचेच चार तुकडे वेगवेगळे ॲक्ट होऊन आले. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना राज्यपाल काढतात तो ऑर्डिनन्स, म्हणजे अध्यादेश. त्याचे बळ ॲक्टइतकेच, पण आयुष्य थोडे. सभागृह पुन्हा भरल्यावर त्याने तो स्वीकारला नाही तर सहा आठवड्यांत तो संपतो.

रूल हा ॲक्टच्या पोटी जन्मतो. विधिमंडळ ॲक्ट करते आणि त्यातील एखाद्या कलमाने सरकारला तपशील ठरवण्याचा अधिकार देते. सरकार जो तपशील ठरवते ते रूल्स, म्हणजे नियम. मूल आईच्या वर जाऊ शकत नाही, तसा रूल ॲक्टच्या बाहेर जाऊ शकत नाही. पण म्हणून रूल क्षुल्लक नसतो. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला, ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याचे नियम आले ३१ मार्च १९९५ रोजी. मधली पाच वर्षे ॲक्ट होता, रूल्स नव्हते. गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करू नये, पीडिताला कोणत्या टप्प्यावर किती अर्थसाहाय्य द्यावे, जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून निदान एकदा व्हावी, हे सारे त्या नियमांत आहे. ॲक्ट गुन्हा कोणता ते सांगतो. तपास कोणी करावयाचा आणि मदत किती द्यावयाची ते नियम सांगतात. आपले कार्यकर्ते ॲक्टचे कलम तोंडपाठ म्हणतात, पण नियमांचे पुस्तक फारसे कोणापाशी नसते. ठाण्यात अडवणूक होते ती बहुधा नेमकी तिथेच.

रेग्युलेशन, म्हणजे विनियम, हा रूलचा भाऊ. तो बहुधा सरकारऐवजी कायद्याने निर्माण झालेली संस्था करते. विद्यापीठ अनुदान आयोग ही १९५६ च्या ॲक्टने स्थापन झालेली संस्था. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखण्यासाठी तिने २०१२ साली जे काढले, ते रेग्युलेशन्स होते. ते केवळ उपदेशाचे पत्रक नव्हते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता ठराव. इंग्रजीत रेझोल्यूशन. या शब्दाने आपल्याला दोनदा शिकवले आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, ही त्यातील शिफारस. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव करून चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे पाणी प्यायला हजारोंसह जावे लागले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. ज्या हातांनी ठराव केला, तेच हात तो पुसू शकतात.

दुसरा धडा आपल्या मराठवाड्याचा. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. पण विद्यापीठाचे नाव ॲक्टमध्ये लिहिलेले होते, आणि ठरावाने ॲक्ट बदलत नाही. ठरावाची बातमी येताच वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. ठराव ही सभागृहाने व्यक्त केलेली इच्छा असते. इच्छेचा कायदा होईपर्यंत मधे जो काळ जातो, त्याची किंमत कोण देतो, हे वेगळे सांगायला नको.

गंमत अशी, की मंत्रालयातून निघणारा जी. आर. हाही इंग्रजीत गव्हर्नमेंट रेझोल्यूशनच. पण तो शिफारस नसतो. तो सरकारने आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेला आदेश असतो, म्हणून मराठीत त्याला शासन निर्णय म्हणतात. शब्द एक, जात वेगळी. गायरानाचा प्रश्न सगळा या शब्दाभोवती फिरतो. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याबाबतचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा. अनेक कुटुंबे त्याला 'गायरानाचा कायदा' म्हणतात. तो कायदा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर १२ जुलै २०११ रोजी दुसरा शासन निर्णय निघाला आणि वारे उलटे फिरले. शासन निर्णयाने मिळालेले दुसऱ्या शासन निर्णयाने हिरावले जाऊ शकते. म्हणून त्या निर्णयाच्या आधारे जे मिळेल ते वेळीच सातबाऱ्यावर उतरवून घेणे आणि कायमच्या हक्कासाठी ॲक्टची मागणी करणे, ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात.

शेवटचा शब्द कस्टम, म्हणजे रूढी. हिला कोणी मंजूर केलेले नसते, कोणी सहीही केलेली नसते, आणि तरीही गावकुसाबाहेरच्या माणसाला तिनेच सर्वांत जास्त जखडले. महाडचे सवर्ण न्यायालयात गेले ते कोणताही ॲक्ट घेऊन नव्हे. अस्पृश्यांनी तळ्यावर यायचे नाही ही अनादी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा निकाल दिला. म्हणजे रूढीलाही पुरावा द्यावा लागतो.

संविधानाने याच्या पुढचे पाऊल टाकले. तेराव्या अनुच्छेदात कायदा या शब्दाची व्याप्ती सांगताना अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना यांच्याबरोबर कायद्याचे बळ असलेल्या रूढीलाही त्याच रांगेत बसवले. वरवर पाहता हा रूढीचा सन्मान वाटेल. खरे तर तो तिला पकडण्याचा मार्ग आहे. जे जे कायदा म्हणून चालते, ते ते मूलभूत हक्कांच्या विरोधात गेले तर त्या मर्यादेपर्यंत शून्य. रूढीला कायद्याच्या रांगेत आणल्याशिवाय तिला हे लावता आले नसते.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये रूल आणि प्रिन्सिपल यांत फरक केला होता. नियम काय करावे ते सांगतो आणि माणसाला आज्ञाधारक बनवतो. तत्त्व विचार करायला लावते आणि जबाबदारी माणसावर टाकते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय. धर्म म्हणून आपल्यावर लादले गेले ते तत्त्व नव्हते, आज्ञांची यादी होती. हा फरक ध्यानात घेतला की इंग्रजी शब्दांची ही रांग परीक्षेपुरती उरत नाही. ॲक्ट, रूल, जी. आर. यांपैकी प्रत्येकाला समतेच्या तत्त्वापुढे उभे करता येते.

तेव्हा यापुढे कोणी 'तसा नियम नाही' म्हटले, तर शांतपणे विचारावे : नियम म्हणजे काय? ॲक्ट असेल तर साल आणि कलम सांगा. रूल असेल तर कोणत्या ॲक्टखालचा ते सांगा. शासन निर्णय असेल तर क्रमांक आणि दिनांक द्या. परिपत्रक असेल तर प्रत द्या. माहितीच्या अधिकाराचा ॲक्ट २००५ सालापासून आपल्या हाती आहे. यांपैकी काहीच निघाले नाही, तर समोरचा जे सांगतो आहे ती त्या टेबलाची रूढी आहे, हे ओळखावे. रूढीशी कसे लढायचे, ते आपल्याला महाडपासून माहीत आहे.